डोळ्यांकडे निघालेला श्वास

मगरीच्या तोंडाकडे पाहताना आपली दृष्टी नकळत मुस्कटाच्या टोकाशी जाते. ताडोब्याच्या तलावाकाठी उभे राहून ज्यांनी पाण्यात निश्चल पडलेली मगर पाहिली आहे, त्यांच्या मनात ती रचना ठसलेली असते. पुढे नाकपुड्यांचा लहानसा उंचवटा, मागे डोळ्यांचे दोन उंचवटे, आणि या तिन्हींच्या दरम्यान पाण्याखाली दडलेली मुस्कटाची लांबी. एवढ्याच खुणांवरून आपण सबंध प्राणी मनात पुरा करून घेतो. हीच सवय घेऊन आपण पारासुकस हिस्लोपी या सुमारे २२ ते २३ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याच्या सांगाड्यासमोर उभे राहतो, आणि पहिल्याच क्षणी अडतो. मुस्कट तसेच निमुळते, लांबच लांब. दात तसेच शंक्वाकृती, जबड्यातील खोबणींत घट्ट रुतलेले. पण टोकाशी, जिथे श्वासाचे द्वार असायचे, तिथे काहीच नाही. केवळ हाड, आणि त्यातून खाली वळलेले दात.

मग दृष्टी त्या मुस्कटावरून मागे मागे सरकू लागते. बोटभर अंतर, वीतभर अंतर, तरी नाकपुडी नाही. अखेरीस मुस्कटाची बरीच लांबी ओलांडून, कवटी जिथे रुंद व्हायला लागते त्या भागाच्या जवळ, वरच्या बाजूला आकाशाकडे उघडणारी दोन लांबट छिद्रे सापडतात. ती डोळ्यांच्या अगदी शेजारी नाहीत. डोळ्यांपुढे कवटीच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक मोठी खिडकी आहे, आणि नाकपुड्या त्या खिडकीच्याही पुढे थबकल्या आहेत. पारासुकसच्या कुळातील, म्हणजे फायटोसॉर या गटातील, पुढच्या काळातले प्राणी पाहिले तर नाकपुड्या त्या खिडकीच्या वर सरकून डोळ्यांच्या लगत येऊन बसलेल्या दिसतात. पारासुकसमध्ये तो प्रवास अजून चालू आहे. श्वास टोकापासून निघाला आहे आणि डोळ्यांपर्यंत पोहोचलेला नाही. या सांगाड्याचे सारे सौंदर्य मला या अर्ध्या वाटेवरच्या दोन छिद्रांत एकवटलेले वाटते, आणि त्याचा आस्वाद घ्यायचा तर तो इथूनच, नाकापासून, घ्यायला हवा.

हा सांगाडा आपल्या गोंदियाचा नाही. गोंदियाच्या भूमीखालचा खडक बहुतांश इतका पुरातन आहे की तो घडला तेव्हा या पृथ्वीवर हाड नावाची वस्तूच नव्हती. आमगावचे नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत आले ते तिथल्या पट्टेदार नाइस खडकामुळे, आणि तो खडक दोन अब्ज वर्षांहून जुना आहे. पण गोंदियाचे पाणी मात्र या प्राण्याच्या दारावरून जाते. सालेकशाकडून येणारी वाघ नदी वैनगंगेला मिळते, चुलबंद मिळते, गाढवी मिळते. पुढे गडचिरोलीत चपराळ्यापाशी वैनगंगेला वर्धा भेटते आणि त्या दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. या प्राणहितेच्या पश्चिमेला, आताच्या तेलंगणातल्या पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात, मालेरी नावाचे गाव आहे. त्याच्या आसपास ट्रायासिक काळातल्या तांबड्या मातीचे थर उघडे पडले आहेत. आज ज्या खोऱ्यातून आपल्या धानाच्या बांध्यांचे पाणी वाहत जाते, त्याच खोऱ्याच्या पोटात दुसऱ्याच एका काळातल्या, दुसऱ्याच नद्यांच्या गाळात पारासुकस निजला होता.

त्याच्या नावातला उत्तरार्ध नागपूरचा आहे. स्टीफन हिस्लॉप हे १८१७ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेले मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपुरात आले, आणि धर्मप्रसार व शाळा यांच्या जोडीने इथल्या दगडांच्या प्रेमात पडले. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या त्रैमासिकात आला. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली गावच्या दगडातून त्यांना मिळालेल्या एका उभयचराच्या कवटीचे वर्णन त्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी केले. मालेरीच्या तांबड्या मातीतूनही हिस्लॉप यांच्याकडे दात आणि हाडांचे तुकडे आले. आज नागपुरातील हिस्लॉप कॉलेजच्या फाटकातून आत जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल की याच नावाची एक सुसरसदृश प्रजाती जगभरच्या पुराजीवशास्त्रात मान्यता पावलेली आहे?

पण हिस्लॉप यांचा संग्रह दगडांपुरता नव्हता. मध्य प्रांतातील आदिवासींविषयी त्यांनी जमवलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केली, आणि त्यांत गोंडांच्या पुराणपुरुषाचे, लिंगोचे, एक विलक्षण गोंडी गीत आहे. परधान गायकांच्या कंठात पिढ्यान् पिढ्या जपले गेलेले, आणि हिस्लॉप यांनी कागदावर उतरवून घेतलेले. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकशाजवळच्या डोंगरात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाज तिथल्या गुहेच्या दर्शनाला लोटतो, कारण पारी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेल्या पूर्वजांना मुक्त केल्याची कथा त्या डोंगराशी जोडलेली आहे. हिस्लॉप यांच्या गीतात त्या पूर्वजांच्या प्रवासात एक नदी आडवी येते, पूर आलेली. मगर त्यांना पाठीवर बसवून पलीकडे न्यायचे कबूल करते, आणि भर प्रवाहात त्यांना बुडवू पाहते. कासव त्यांना तारते. गोंडांच्या स्मृतीतील मगर आणि मालेरीच्या मातीतील मगरसदृश हाडे, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर एकाच काळात येऊन पडली होती, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ फुगलेल्या ओढ्यात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. तेव्हा मालेरीच्या त्या प्राण्याला नावही मिळालेले नव्हते.

नाव मिळाले १८८५ मध्ये, रिचर्ड लिडेकर यांच्याकडून, आणि ते ज्या हाडांना मिळाले ती हाडे एका प्राण्याची नव्हती. मुस्कटाचा तुकडा, दात, पाठीवरची कवचे ही फायटोसॉरची होती; पण कवटीच्या तळाचा जो भाग त्यांच्यासोबत एकाच नावाखाली ठेवला गेला, तो हायपेरोडापेडॉन नावाच्या, चोचीसारखे तोंड असलेल्या एका शाकाहारी सरीसृपाचा निघाला. एकाच थरातून वेचलेल्या विखुरलेल्या हाडांचे असे होतेच. नदीने शवे वाहून आणली, मोडली, मिसळली, आणि वाचणाऱ्याला तिने एकमेकांत गुंतलेली पाने दिली. ती पाने वेगळी करायला जवळपास शतक लागले.

ते काम ज्या संस्थेत झाले तिचे नाव ऐकून आपण क्षणभर थबकतो: भारतीय सांख्यिकी संस्था, कोलकाता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांची दृष्टी अशी की संख्याशास्त्राच्या अंगणात त्यांनी भूशास्त्रालाही जागा दिली, आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात जीवाश्मांचा शोध सुरू करवला. त्या परंपरेत वाढलेल्या शंकर चटर्जी यांनी १९७८ मध्ये पारासुकसवर जो प्रदीर्घ प्रबंध प्रसिद्ध केला, त्याला आधार होता मालेरीच्या थरांतून निघालेल्या दोन सांगाड्यांचा. तुकडे नव्हेत, मुस्कटापासून शेपटीपर्यंत, हाडाला हाड जुळलेले असे दोन देह, लांबी अडीच मीटरच्या आसपास. संस्थेच्या नोंदींत ते आर ४२ आणि आर ४३ या क्रमांकांनी ओळखले जातात. लिडेकर यांचा मुस्कटाचा तुकडा ओळख पटवायला अपुरा पडत होता, म्हणून चटर्जी यांनी २००१ मध्ये प्रस्ताव मांडला की या नावाचा आधार यापुढे आर ४२ हा संपूर्ण सांगाडाच मानावा, आणि प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तो स्वीकारला. हिस्लॉप यांचे नाव अशा रीतीने एका मिश्र गाठोड्यातून सुटून एका अखंड देहावर स्थिरावले.

गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा, दरेकसा ओलांडत कचारगडच्या डोंगराजवळून पूर्वेकडे निघते आणि कोलकात्याला पोहोचते; तिथे बरानगरच्या बी. टी. रोडवर त्या संस्थेचे भूविज्ञान संग्रहालय आहे. वैनगंगेच्या वाटेने आपण या प्राण्याच्या मातीकडे जातो, लोहमार्गाने त्याच्या अस्थींकडे. दोन्ही वाटा गोंदियाहून निघतात, हे मला फार प्रिय वाटते.

आता पुन्हा त्या मुस्कटाकडे येऊ, कारण तिथला दुसरा आनंद पहिल्याहून सूक्ष्म आहे. गंगा-चंबळच्या घडियालीची कवटी आणि पारासुकसची कवटी शेजारी ठेवली, तर दोन्ही मुस्कटांची बाह्यरेषा इतकी सारखी की आपण त्यांना बहिणी म्हणू. पण जरा वाकून हाडांमधल्या शिवणी शोधाव्यात. घडियालीचे लांब मुस्कट मुख्यतः मॅक्सिला या हाडाने बनलेले असते; सर्वांत पुढचे प्रीमॅक्सिला हे हाड केवळ टोकाशी, नाकपुडीभोवती, आखूड राहते. पारासुकसमध्ये नेमके उलटे. तिथे प्रीमॅक्सिलाच ताणत ताणत पुढे गेले आहे, मुस्कटाचा बहुतांश भाग त्याचाच, आणि नाकपुड्या मागेच राहिल्या आहेत. वृत्त तेच, शब्द निराळे. नदीने एकच चाल सुचवली असावी: मासा निसटतो, म्हणून तोंड लांब कर, अरुंद कर, पाण्यात आडवे फिरवताना त्याला विरोध कमी होऊ दे. दोन निराळ्या कुळांनी, मध्ये कोट्यवधी वर्षांचे अंतर ठेवून, ती चाल आपापल्या हाडांत बांधली. साम्य पाहून नाते सांगण्याची आपली जी घाई असते, ती या शिवणींपाशी अडते. आणि ती अडल्यामुळे आपले नुकसान काहीच होत नाही, उलट एकाच गोष्टीचे दोनदा कौतुक करायची संधी मिळते.

नाकपुड्या मागे असण्याचा उपयोग काय, हेही पाहावे. मगर पाण्यात दडताना मुस्कटाचे टोक आणि डोळे एकाच पातळीवर ठेवते, आणि श्वास टोकापासून आत घेते. मग तो श्वास तोंडात न सांडता घशापर्यंत पोहोचवायचा कसा? मगरीने त्यासाठी जबड्याच्या छतावर हाडांचा दुसरा मजला रचला. नाकातून आलेली हवा या अस्थिमय टाळूच्या वरून, तोंडापासून पूर्णपणे विलग, थेट घशाच्या तोंडाशी उघडते, आणि तिथला मांसल पडदा मिटून मगर तोंडात पाणी व भक्ष्य असतानाही शांतपणे श्वास घेते. पारासुकसकडे असा पूर्ण अस्थिमय टाळू नाही. त्याची आतली नासाछिद्रे बाहेरच्या नाकपुड्यांच्या जवळपास खालीच उघडतात. त्याला लांब भुयाराची गरज उरली नाही, कारण त्याने द्वारच मागे नेले. एकाने घराच्या आतून वाट काढली, दुसऱ्याने दरवाजा हलवला, आणि दोघेही त्याच पाण्यात त्याच निश्चलतेने दबा धरून बसू शकले.

श्वासाच्या या मार्गावर सर्वप्रथम इतक्या प्रेमाने विचार केला तो थॉमस हेन्री हक्सले यांनी. मालेरीची काही हाडे त्यांच्या अभ्यासातून गेली होती, आणि १८७५ मध्ये त्यांनी मगरींच्या उत्क्रांतीवर जो निबंध लिहिला, त्यात आतल्या नासाछिद्रांचे स्थान हाच कणा होता. प्राचीनतम गटात ती पुढे, नाकपुड्यांच्या खाली; मधल्या काळातील मगरींत मागे सरकलेली; आजच्या मगरींत अगदी घशापाशी. तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला दगडातील पुरावा. डार्विनचा सिद्धांत अजून तरुण होता, त्या काळात एका छिद्राच्या सरकण्यातून उत्क्रांतीचा आलेख मांडण्याची ही कल्पना किती देखणी! पुढे संशोधनाने पहिली पायरी बदलली. फायटोसॉर हे मगरींचे पूर्वज नव्हेत, हे स्पष्ट झाले. हक्सले यांनी त्याच पायरीवर बसवलेला स्टॅगोनोलेपिस तर ॲलिक वॉकर यांच्या १९६१ च्या अभ्यासानंतर वेगळ्याच चिलखती शाकाहारी गटातला म्हणून ओळखला जाऊ लागला. पण खऱ्या मगरींच्या ओळीत आतली छिद्रे मागे मागे सरकत गेली, हे त्यांचे मूळ निरीक्षण आजही उभे आहे. आणि मालेरीच्याच थरांतील एका लहानशा डायनोसॉरला चटर्जी यांनी याच ॲलिक वॉकर यांचे नाव दिले आहे, अल्वॉकेरिया मालेरिएन्सिस. पुराजीवशास्त्रातली माणसे एकमेकांना अशी हाडांतून दाद देतात.

मग खऱ्या मगरींचे पूर्वज त्या काळी कुठे होते? हा प्रश्न विचारल्यावर मिळणारे उत्तर इतके अनपेक्षित आहे की ते पुन्हा पुन्हा मनात घोळवावेसे वाटते. ते पाण्यात नव्हतेच. ॲरिझोनातील हेस्पेरोसुकस, वेल्समधील टेरेस्ट्रिसुकस हे ट्रायासिकच्या उत्तरकाळातील मगरीचे आप्त सडपातळ, लांब पायांचे, कोरड्या जमिनीवर चपळपणे धावणारे छोटे प्राणी होते. पाय शरीराखाली सरळ उभे, बांधा हलका. त्यांच्याकडे पाहून कुणालाही मगर आठवणार नाही. हेस्पेरोसुकसचे वर्णन एडविन कोल्बर्ट यांनी १९५२ मध्ये केले. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या टेकडीतून निघालेल्या प्रचंड डायनोसॉरच्या नावात, इसिसॉरस कोल्बर्टीमध्ये, तेच कोल्बर्ट आहेत. म्हणजे चित्र असे: नदीत मगरीच्या रूपाने पडून असणारा पारासुकस मगर नव्हता, आणि काठावर धावणारा जो मगरीच्या वंशाचा होता त्याचे रूप मगरीचे नव्हते. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी ट्रायासिक संपताना फायटोसॉर नाहीसे झाले, नद्यांतली ती जागा रिकामी झाली, आणि पुढच्या युगांत मगरीच्या वंशातील काही शाखांनी पाण्याचा रस्ता धरला. आज आपण ज्याला मगरीचे सनातन रूप म्हणतो, ते तिच्या आधी दुसऱ्या कुणीतरी परिधान केलेले होते.

त्या नदीचे दृश्य मालेरीचे इतर जीवाश्म भरून काढतात. तांबडी चिकणमाती, तिच्यात सेराटोडस या फुप्फुसमाशाचे कंगोरेदार दात, पँथासॉरस हा चपट्या, रुंद डोक्याचा मोठा उभयचर, ज्याचे डोळे कवटीच्या अगदी पुढे; आणि काठाशी चोचीने कंदमुळे उकरणारे हायपेरोडापेडॉनचे कळप. या सगळ्यांच्या मध्ये, गढूळ पाण्यात, पारासुकस. त्याच्या पाठीवर अस्थिकवचांच्या ओळी कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून शेपटीकडे गेलेल्या, पृष्ठभागावर खाचा आणि खळगे. पोटाच्या बाजूला पातळ उदरफासळ्यांची जाळी. वरून चिलखत, खालून जाळी, आणि यांच्या मधोमध जे जतन झाले ते या सांगाड्यांचे सर्वांत उत्कट पान आहे.

दोन्ही सांगाड्यांच्या पोटाच्या जागी दुसऱ्या एका प्राण्याची हाडे सापडली. लांब मानेचा, सडपातळ, सरड्यासारख्या बांध्याचा हा सरीसृप तोवर कुणालाच ठाऊक नव्हता. चटर्जी यांनी ही हाडे पारासुकसने गिळलेला घास म्हणून वाचली आणि १९८० मध्ये त्या प्राण्याला नाव दिले मालेरिसॉरस रॉबिन्सोनी. पामेला रॉबिन्सन यांच्या गौरवार्थ. किती गोष्टी इथे एकत्र येतात, पाहा. एक प्राणी विज्ञानाला प्रथम भेटतो तोच दुसऱ्याच्या उदरात. तोही एकदा नव्हे, दोघांच्या उदरात दोनदा. लांब मुस्कट पाहून आपण हा मत्स्याहारी म्हणून मोकळे होणार, तेवढ्यात फासळ्यांआडून उत्तर येते की तो जमिनीवरून पाण्याशी आलेल्या जनावरांनाही धरत होता. पाणी प्यायला वाकलेली ती लांब मान आपण मनात पाहू शकतो. मुस्कटाच्या टोकाशी खाली वळलेले जे मोठे दात सुरुवातीला नाकपुडीच्या जागी आपल्याला दिसले होते, त्यांचे प्रयोजन इथे कळते. आणि मग असेही वाटते की पोटातला घास पचण्याआधीच या दोघांचा अंत झाला असावा. काय झाले असेल, पूर की आणखी काही, ते हाडे सांगत नाहीत. पण जेवून तृप्त पडलेल्या दोन देहांचे ते शेवटचे प्रहर इतक्या अभंगपणे हाती यावेत, हे जीवाश्मांच्या जगात फार विरळा घडते. शिल्पात असे क्षण कलावंताला निवडावे लागतात. इथे गाळाने ते निवडले.

पारासुकसचे सगेसोयरे जगात दूरवर पसरलेले आहेत. ख्रिश्चन कॅमेरर, रिचर्ड बटलर, शाश्वती बंद्योपाध्याय आणि मिशेल स्टॉकर यांनी २०१६ मध्ये मालेरीच्या सांगाड्यांचा पुन्हा बारकाईने अभ्यास केला, आणि अमेरिका, जर्मनी, मोरोक्को येथून पॅलिओऱ्हायनस नावाने ओळखले जाणारे प्राणी हे पारासुकसच असल्याचे मांडले. सारे भूखंड तेव्हा एकत्र जोडलेले होते, म्हणून हे नवल नव्हे. तरी वायोमिंगच्या आणि मालेरीच्या कवट्यांत तीच अर्ध्या वाटेवरची नाकपुडी पाहताना पृथ्वी किती एकसंध होती ते नकाशापेक्षा अधिक खरेपणाने उमगते. आपल्याकडेही हे कुळ मालेरीपुरते नाही. मध्य प्रदेशातील शहडोल जिल्ह्यात, टिकीच्या थरांतून, देबजित दत्ता आणि संघमित्रा रे यांनी २०२३ मध्ये कोलोसोसुकस नावाचा एक महाकाय फायटोसॉर जगापुढे आणला, आठ मीटरहून लांब. लहान-मोठ्या अनेक जीवांची हाडे तिथे एकत्र होती. अडीच मीटरच्या पारासुकसशेजारी तो उभा केला तर एकाच कुळाचा पल्ला डोळ्यांत मावत नाही.

एवढे पाहून झाल्यावर पुष्कळ लोक इथून निघतील. माझा आग्रह असा की निघण्यापूर्वी आपण मागच्या पायाशी खाली बसावे, घोट्याकडे पाहावे. कवटीच्या वैभवापुढे घोटा कुणाच्या लक्षात येत नाही, पण फायटोसॉर आणि मगर यांच्या नात्याचा सारा वाद त्यातल्या दोन छोट्या हाडांवर तोलला गेला आहे. एका हाडावर खुंटी, दुसऱ्यात खाच. पाऊल वळते ते या दोहोंच्या मधून, आणि खाचेच्या हाडाला मागे एक टाच फुटलेली, स्नायूला जोर द्यायला. हुबेहूब हीच रचना आजच्या मगरीच्या घोट्यात आहे. मुस्कटाच्या शिवणी सांगतात, नाते नाही. घोटा सांगतो, आहे. २०११ मध्ये स्टर्लिंग नेस्बिट यांच्या मोठ्या अभ्यासाने फायटोसॉरना मगरी आणि पक्षी यांची वाट फुटण्याच्याही आधीच्या शाखेवर बसवले. २०१६ मध्ये मार्टिन एझकुर्रा यांनी त्यांना पुन्हा मगरींच्या बाजूला आणले. दोन्ही मांडण्या काळजीपूर्वक केलेल्या, आणि वाद मिटलेला नाही.

नेस्बिट यांची मांडणी खरी ठरली, तर त्या घोट्याचा अर्थ एकदम विस्तारतो. मग ही खुंटी आणि खाच मगरीची खास मिरास राहत नाही; ती मगर आणि पक्षी यांच्या सामाईक पूर्वजाची ठरते, जी मगरींनी राखली आणि पक्ष्यांच्या वंशाने टाकून दिली. महाराष्ट्रात सारस पक्षी ज्या जिल्ह्यामुळे ओळखला जातो तो गोंदिया. धानाच्या बांधीत उभा असलेला सारस पायाच्या मध्यावर जिथे मागे वाकतो, त्याला आपण गुडघा समजतो. तो गुडघा नव्हे, घोटाच आहे, आणि त्यातली वरची हाडे पोटरीच्या हाडाशी जुळून एकजीव झालेली आहेत. पारासुकसच्या पायातली खुंटी आणि खाच एकदा नीट पाहून घेतली, की सारसाच्या त्या सांध्यात काय गाळले गेले आणि काय सांधले गेले, ते बांधावर उभ्या उभ्या वाचता येते.